पडद्यावर ‘काम पूर्ण’, फोल्डर मात्र रिकामे

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालय ‘अ’ वर्गाचे आहे आणि त्याच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा चांगला संग्रह आहे. या अंकांची मुखपृष्ठे संकेतस्थळावर यादीसह पाहता यावीत, असा ठराव कार्यकारी मंडळाने गेल्या वर्षी जूनमध्ये केला. तीन दरपत्रके मागवून स्कॅनिंगचे काम बाहेर देण्यात आले. परंतु चित्रे लहान करून देण्यासाठी त्या व्यावसायिकाने प्रत्येक चित्रामागे चार रुपये वेगळे मागितले आणि काही हजार चित्रांसाठी तेवढी तरतूद अंदाजपत्रकात नव्हती. मी व्यवसायाने लेखापाल आहे, पायथन ही संगणकाची भाषा कामापुरती येते आणि मी मंडळाची सदस्यही आहे, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले. ऑगस्टमध्ये सुरू झालेले काम दिवाळीनंतर संपले. ज्यांना आपल्या संस्थेत, शाळेत किंवा दुकानात असेच काम करायचे आहे, त्यांची थोडी शोधाशोध वाचावी म्हणून ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने लिहीत आहे.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तरुणाची मागणी साधी होती. प्रत्येक चित्राच्या जेपेग या नेहमीच्या फोटो-स्वरूपात दोन प्रती हव्यात, एक ४०० पिक्सेल रुंद आणि १०० केबीच्या आत, दुसरी १६०० पिक्सेल रुंद. मूळ फाइली मात्र चार ठिकाणांहून आल्या होत्या: स्कॅनरच्या टिफ फाइली, सभासदांनी फोनवर काढलेले फोटो, मुद्रकाकडून मिळालेली अलीकडच्या अंकांची मुखपृष्ठे आणि वाचनालयाच्या शिक्क्यासारख्या काही पीएनजी फाइली (टिफ आणि पीएनजी हीही चित्रांचीच स्वरूपे). कोडमधील ‘सेव्ह’ ही आज्ञा त्याच नावाची फाइल आधीपासून असली तरी काहीही न विचारता तिच्यावर लिहिते, म्हणून मूळ संच वेगळ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय एकही ओळ चालवायची नाही, असे मी ग्रंथपालबाईंना सांगितले. दोन टेराबाइटच्या बाह्य डिस्कसाठी साडेसहा हजार रुपयांची मागणी पुढच्या मासिक सभेपुढे गेली, मंजुरीला जवळजवळ महिना लागला आणि तोवर मी फक्त वाचन केले. तो महिना मुळीच वाया गेला नाही.

हाताशी एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे पायथनमधला छोटा प्रोग्राम होता. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने वाचनालयाच्या छायाचित्रांसाठी ती लिहून दिली होती आणि तेव्हा ती व्यवस्थित चालली होती. नव्या डिस्कवरील प्रतींवर ती चालवली तेव्हा काही मिनिटांत पडद्यावर ‘काम पूर्ण’ अशी ओळ उमटली. फोल्डर उघडून पाहिले तर त्यात एकही चित्र नव्हते.

कारण स्क्रिप्टमध्येच होते. संपूर्ण काम ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’च्या आत होते आणि ‘एक्सेप्ट’खाली फक्त ‘पास’ लिहिलेले होते. म्हणजे कोणतीही चूक झाली तरी ती गिळून पुढच्या फाइलीकडे जायचे. मी ‘पास’ काढून त्या जागी एक नोंदवही लावली: प्रत्येक फाइलीचे नाव, तिचे स्वरूप, मोड (रंग साठवण्याची पद्धत), लांबी-रुंदी आणि चूक झाल्यास तिचा पूर्ण मजकूर एका सीएसव्ही फाइलीत, म्हणजे साध्या तक्त्यात उतरत जाईल. पुढचे सगळे काम या सीएसव्हीच्या जोरावर झाले. या लेखातील एकच गोष्ट कोणी उचलणार असेल तर त्याने ही उचलावी.

चूक दिसू लागताच पहिला मजकूर आला तो असा, की ‘पीआयएल डॉट इमेज’मध्ये ‘अँटीअलायस’ नावाचे काही नाही. पिलो हे पायथनमधील चित्रांचे सर्वांत रुळलेले पॅकेज. ते पीआयएल या जुन्या पॅकेजपासून २०१० मध्ये वेगळे झाले. म्हणून बसवताना ‘पिलो’ म्हणायचे आणि कोडमध्ये बोलावताना ‘पीआयएल’, हा नवख्याला चकवणारा प्रकार आजही आहे. १ जुलै २०२३ रोजी आलेल्या दहाव्या आवृत्तीत ‘अँटीअलायस’ हे जुने नाव काढून टाकण्यात आले. ते चित्राचा आकार बदलताना वापरायच्या ‘लँक्झॉस’ या गाळणीचेच दुसरे नाव होते, त्यामुळे नाव बदलण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही. यावर उपाय म्हणून पिलोची जुनी आवृत्ती बसवा असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो, पण एका शब्दासाठी सुरक्षा-दुरुस्त्या सोडून मागे जाणे मला पटले नाही.

त्यानंतरच्या दोन-तीन अडचणी किरकोळ होत्या. विंडोजच्या पत्त्यातील उलटी तिरकी रेघ पायथनला विशेष चिन्ह वाटते, म्हणून पत्त्याच्या अवतरणाआधी ‘आर’ हे अक्षर लावावे किंवा पत्ते हाताळणारे पायथनचे ‘पाथलिब’ वापरावे. ज्या फोल्डरात जतन करायचे ते आधीपासून अस्तित्वात असावे लागते, पिलो ते स्वतःहून तयार करत नाही. आणि स्वरूपाचे नाव ‘जेपीजी’ असे दिले तर ‘की एरर’ येते. फाइलीच्या नावाअखेर ‘जेपीजी’ चालते, पण स्वरूप सांगताना ‘जेपेग’च म्हणावे लागते.

खरा वेळ गेला तो पुढच्या संदेशापाशी: ‘कॅनॉट राइट मोड आरजीबीए अ‍ॅज जेपेग’. पीएनजी फाइलीत लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगथरांबरोबर पारदर्शकतेचा चौथा थर असू शकतो आणि जेपेगमध्ये त्याला जागाच नसते, एवढाच या तक्रारीचा अर्थ. शोधल्यावर सगळीकडे एकच उत्तर मिळते, की ‘कन्व्हर्ट’ करून ‘आरजीबी’ करा. ते केल्यावर एरर थांबली, पण वाचनालयाचा गोल शिक्का काळ्या चौकोनात बसलेला दिसू लागला. पारदर्शक भागाखाली जो रंग दडलेला असतो, बहुधा काळा, तो चौथा थर काढताच उघडा पडतो. योग्य रीत अशी: आधी त्याच मापाचे पांढरे चित्र तयार करावे, मूळ चित्र त्यावर ‘पेस्ट’ करावे आणि पेस्ट करताना मूळचा पारदर्शकतेचा थर मास्क म्हणून द्यावा. काही जुन्या पीएनजी फाइली ‘पी’ मोडच्या, म्हणजे ठरावीक रंगांच्या तक्त्यावर चालणाऱ्या निघाल्या. त्यांत पारदर्शकता वेगळ्या पद्धतीने लपलेली असते, म्हणून त्या आधी ‘आरजीबीए’ करून मगच पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवाव्या लागल्या.

सप्टेंबरच्या मध्यावर सीएसव्ही चाळताना सर्वांत जास्त वेळा आढळलेला संदेश होता ‘कॅनॉट आयडेंटिफाय इमेज फाइल’. त्याची कारणे तीन निघाली. पहिले हास्यास्पद होते: एका सभासदाने मॅकवरून पेन ड्राइव्हमध्ये फोटो भरले होते आणि अशा वेळी प्रत्येक फाइलीसोबत टिंब व अधोरेखाने सुरू होणारी एक छोटी जोडफाइल तयार होते, जिच्या नावाअखेर ‘जेपीजी’ असले तरी आत चित्र नसते. त्या फाइली आणि विंडोजची ‘थंब्स डॉट डीबी’ वगळणारी एक अट टाकताच यादी निम्मी झाली. दुसरे कारण आयफोन. २०१७ पासून त्यात फोटो मुळात हेइक स्वरूपात जतन होतात. ते पिलोला स्वतःहून वाचता येत नाहीत आणि कोणी फक्त नाव बदलून शेवटी ‘जेपीजी’ लावले तर आतील मजकूर बदलत नाही. यासाठी ‘पिलो-हाइफ’ हे जोडपॅकेज बसवून सुरुवातीलाच त्याची नोंदणी करणारी एक ओळ लिहावी लागते. तिसरे कारण म्हणजे शून्य बाइटच्या फाइली, ज्यांवर कोडमध्ये काहीच उपाय नसतो.

फाइल खरोखर कशाची आहे हे नावावरून ठरवू नये, तिचे पहिले काही बाइट पाहावेत. जेपेगची सुरुवात सोळा-आधारी लेखनात ‘एफएफ डी८ एफएफ’ अशी असते, पीएनजीची ‘८९ ५० ४ई ४७’ अशी, आणि हेइकमध्ये पहिले चार बाइट सोडून ‘एफटीवायपी’ ही अक्षरे दिसतात. हे तपासणारी चार ओळींची फंक्शन लिहिली आणि तिचा निकालही सीएसव्हीत एका स्तंभात घेतला.

काही स्कॅन ‘इमेज फाइल इज ट्रंकेटेड’ असे सांगून थांबत होते. प्रत करताना फाइल अर्धवट राहिली की असे होते. पिलो चित्र उघडताना फक्त मथळा वाचतो, पिक्सेल नाही. त्यामुळे ‘ओपन’ बिनतक्रार होते आणि एरर पुढे आकार बदलताना येते. साहजिकच माणूस आकार बदलण्याच्या ओळीत दोष शोधत बसतो. ‘व्हेरिफाय’ या आज्ञेवरही जेपेगच्या बाबतीत विसंबू नये, ‘लोड’ करूनच पाहावे. अपुऱ्या फाइली तशाच चालवून घेण्याची एक सेटिंग पिलोमध्ये आहे आणि ती सुरू केली की एरर नाहीशी होते, पण चित्राचा खालचा भाग करडा किंवा काळा राहतो. मुखपृष्ठाच्या तळाशी बहुधा संपादकाचे नाव आणि किंमत असते, म्हणून मी ती सेटिंग वापरली नाही. अपुऱ्या फाइलींची यादी वाचनालयाच्या पत्रासह स्कॅनिंगवाल्याकडे पाठवली. मूळ कार्यादेशात फाइली तपासून स्वीकारण्याचे कलम होते, त्यामुळे त्याने त्या पुन्हा विनामूल्य दिल्या, मात्र गणपती आणि पितृपक्ष धरून उत्तर यायला तीन आठवडे लागले. कार्यादेशात असे कलम असावे, हे आवर्जून सांगते.

याच सुमारास एका भिंतीएवढ्या जाहिरात-पत्रकाने संपूर्ण स्क्रिप्ट बंद पाडली. संदेशात ‘डीकॉम्प्रेशन बॉम्ब’ असे शब्द पाहून ग्रंथपालबाई घाबरल्या आणि संगणकात व्हायरस शिरला का, असे त्यांनी विचारले. तसे काही नव्हते. लहानशा फाइलीत अवाढव्य चित्र दडवून संगणकाची स्मृती संपवण्याची एक युक्ती असते आणि तिच्यापासून बचाव म्हणून पिलो ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर इशारा देतो, त्याच्या दुपटीच्या वर थेट थांबतो. आमचे पत्रक २४ बाय ३६ इंचांचे होते आणि ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन स्कॅन केलेले होते. म्हणजे १४,४०० गुणिले २१,६००, एकतीस कोटींहून अधिक पिक्सेल, आणि प्रत्येकी तीन बाइट धरले तर नुसते उघडायला सुमारे ९३ कोटी बाइट स्मृती. फाइल आपलीच असल्याने मर्यादा वाढवली, पण ती फक्त त्या एका फोल्डरापुरती. जिथे बाहेरचे लोक चित्रे चढवतात तिथे ही मर्यादा काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सीएसव्हीत एकही एरर उरली नाही. कार्यवाहांनी उत्साहाने सभेत थंबनेल, म्हणजे लहान प्रती दाखवल्या आणि पहिल्याच पानावर फोनने काढलेली मुखपृष्ठे आडवी पडलेली दिसली. काम संपले असे वाटत असताना त्याचा अवघड अर्धा भाग इथे सुरू झाला, कारण आता दोष सांगणारे कोणी नव्हते. जतन होत होते, फक्त चुकीचे होत होते.

आडवेपणाचे कारण असे. फोन उभा धरला तरी सेन्सर पिक्सेल आपल्याच दिशेने लिहितो आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी सूचना एक्झिफ माहितीत, म्हणजे फोटोसोबत फाइलीत जाणाऱ्या नोंदीत टाकतो. फोटो पाहण्याचा प्रोग्राम ती सूचना पाळतो, म्हणून मूळ फाइल नीट दिसते. पिलोने आकार बदलून जेपेग जतन केला की आपण वेगळे न सांगितल्यास एक्झिफ माहिती त्यात जात नाही आणि सूचना हरवते. पिलोच्या ‘इमेजऑप्स’मधील ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ हे फंक्शन पिक्सेलच प्रत्यक्ष फिरवून देते. ते उघडल्यानंतर लगेच, रुंदी-उंची विचारण्याच्या आधी चालवावे. नंतर चालवले तर रुंदीचा हिशेब उंचीवर बसतो.

‘रिसाइझ’ आणि ‘थंबनेल’ यांतला फरकही असाच मुका आहे. ‘रिसाइझ’ला जे माप दिले त्यात ती चित्र कोंबते, प्रमाणाची पर्वा करत नाही आणि नवे चित्र परत देते. ‘थंबनेल’ प्रमाण राखते, लहान चित्र मोठे करत नाही, पण मूळ चित्रच बदलते आणि परत काहीच देत नाही. तिचे उत्तर एखाद्या नावात साठवून पुढे ‘सेव्ह’ म्हटले की ‘ननटाइप’ची, म्हणजे हातात काहीच नसल्याची तक्रार येते. आम्हाला नेमकी ४०० रुंदी हवी होती, म्हणून उंची प्रमाणाने काढून ‘रिसाइझ’ वापरले. भागाकाराचे उत्तर पायथनमध्ये दशांशात येते आणि माप पूर्णांकातच द्यावे लागते, म्हणून ‘राउंड’ लावणे विसरू नये.

जुन्या स्क्रिप्टमधील कडा छाटण्याचा भाग ओपनसीव्ही या चित्रांच्या दुसऱ्या पॅकेजात होता आणि आमच्या फाइलींची नावे देवनागरीत. विंडोजवर ओपनसीव्हीचे ‘आयएमरीड’ अशा नावाची फाइल वाचू शकले नाही तर थांबत नाही, नुसते ‘नन’ परत करते, आणि पुढे आकार बदलताना ‘असर्शन फेल्ड’ असा एक दुर्बोध संदेश येतो, ज्यात फाइलीच्या नावाचा उल्लेखही नसतो. ‘आयएमराइट’ त्याहून कठीण: लिहिता आले नाही तर ते ‘फॉल्स’ एवढेच उत्तर देते, जे कोणी विचारले नाही तर कोणाला कळत नाही, आणि कधी कधी नावाची अगम्य अक्षरे करून फाइल जतन करते. उपाय असा, की फाइलीचे बाइट नमपाय या आकड्यांच्या पॅकेजच्या ‘फ्रॉमफाइल’ने वाचावेत आणि ‘आयएमडीकोड’ला द्यावेत, लिहिताना ‘आयएमएनकोड’ करून ‘टूफाइल’ने लिहावे. ओपनसीव्ही रंगांचा क्रम निळा-हिरवा-लाल असा धरते, म्हणून तिच्याकडून पिलोकडे जाताना क्रम उलटावा लागतो, नाहीतर भगवे मुखपृष्ठ निळसर होते.

देवनागरी नावांचा आणखी एक त्रास तर कोणत्याही पुस्तिकेत मला सापडला नाही. वऱ्हाडातील काही अंकांची चित्रे यादीशी जुळेनात, जरी पडद्यावर दोन्हीकडे नाव अक्षरशः सारखे दिसत होते. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील लिप्यांच्या मानकात, एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. दिसायला एकच, संगणकाला वेगळे. वेगवेगळी टंकलेली सारखी अक्षरे एकरूप करणारे युनिकोडचे ‘नॉर्मलाइझ’ही हे दोन प्रकार एक करत नाही. म्हणून नव्या फाइलींना शीर्षकाऐवजी वाचनालयाच्या नोंदवहीतील दाखल क्रमांकाचे नाव द्यायचे आणि मराठी शीर्षक फक्त यादीत ठेवायचे, असे ठरवले. ग्रंथपालबाईंचे म्हणणे पहिल्या दिवसापासून हेच होते.

शेवटी राहिले रंग आणि वजन. मुद्रकाकडची मुखपृष्ठे ‘सीएमवायके’, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या मोडची होती. जेपेगमध्ये तो मोड चालतो, त्यामुळे एरर येत नाही, पण ब्राउझरवर रंग भलतेच दिसू शकतात. फाइलीत जोडलेली रंग-प्रोफाइल (रंग कसे वाचावेत याची माहिती) वापरून पिलोच्या ‘इमेजसीएमएस’ने ती मुखपृष्ठे एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत आणली. इतर फाइलींसाठी जतन करताना मूळची प्रोफाइल स्वतःहून द्यावी लागते, पिलो जेपेगमध्ये ती आपोआप नेत नाही. गुणवत्तेचा आकडा न दिल्यास तो ७५ धरला जातो आणि त्यात आमच्या अंकांवरील लाल अक्षरांच्या कडा पसरत होत्या. ‘सबसॅम्पलिंग’, म्हणजे रंगांचा तपशील कमी करणे, शून्य केल्यावर त्या स्पष्ट झाल्या, फाइल थोडी जड झाली. १०० केबीच्या मर्यादेसाठी चित्र आधी स्मृतीतील ‘बाइट्सआयओ’मध्ये ८५ गुणवत्तेने लिहायचे, वजन पाहायचे आणि जास्त भरले तर पाच-पाचने खाली यायचे, अशी फेरी लावली. ६०च्या खाली जाऊ दिले नाही. त्या मर्यादेत न बसलेली थोडी चित्रे तशीच ठेवून संकेतस्थळ सांभाळणाऱ्याची परवानगी घेतली.

एरर नसलेल्या चित्रांची तपासणी डोळ्यांनीच करावी लागते. प्रत्येक फोल्डरातील चित्रे एका मोठ्या पानावर जाळीसारखी मांडून ग्रंथपालबाई आणि मी दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी बसून पाहिली आणि बहुतेक रंगदोष त्यांनाच दिसले, कारण मूळ अंक त्यांनी हाताळलेले होते.

नोव्हेंबरच्या सभेत खर्च मांडला: डिस्क साडेसहा हजार, पेन ड्राइव्ह आणि छपाई मिळून नऊशे. सॉफ्टवेअरच्या रकान्यात शून्य पाहून लेखापरीक्षकांनी पावती मागितली. पायथन, पिलो आणि ओपनसीव्ही मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात, असे पत्र वाचनालयाच्या शीर्षकपत्रावर कार्यवाहांच्या सहीने जोडावे लागले, आणि त्यासोबत वापरलेल्या प्रत्येक पॅकेजचा आवृत्ती क्रमांक असलेली यादीही. ती यादी पुढच्या वर्षी स्क्रिप्ट चालवणाऱ्याला लागणारच आहे, म्हणून तिची एक प्रत स्क्रिप्टच्या फोल्डरात ठेवली. शून्य बाइटच्या फाइलींच्या मूळ अंकांचे स्कॅनिंग नव्या अंदाजपत्रकात धरले आहे.